मध्य म्हणजे कोठे? : डाव्या राजकारणातील एका रूपकाची चिकित्सा

१

डाव्या पक्षांनी मध्याकडे सरकावे काय, हा प्रश्न निवडणुकीतील प्रत्येक पराभवानंतर नव्याने विचारला जातो. प्रश्न व्यूहरचनेचा वाटतो. त्याचे उत्तर मतांच्या टक्केवारीत शोधले जाते. परंतु विचारला जाण्यापूर्वीच या प्रश्नाने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. राजकारण ही एक सरळ रेषा आहे, तिच्यावर पक्ष व मतदार आपापल्या ठिकाणी उभे आहेत आणि त्या रेषेला 'मध्य' नावाचा एक स्थिर बिंदू आहे, हे ते गृहीतक. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत अध्यक्षांच्या डाव्या व उजव्या हातांना सभासद बसले, त्या आसनव्यवस्थेतून हे रूपक जन्मले. सभागृहातील खुर्च्या मोजता येतात. समाजातील अन्याय तसे मोजता येतात काय, हा प्रश्न रूपकाने झाकून टाकला.

मराठीत येताना या रूपकाला आणखी काही अर्थच्छटा चिकटल्या. 'डावा' या शब्दाशी 'डावलणे'चे नाते आहे. 'डावे-उजवे करणे' म्हणजे एकाला कमी लेखणे. उलट 'मध्य' हा आपल्या भाषेत प्रतिष्ठित आहे. मध्यस्थ विश्वासू असतो, मध्यममार्ग शहाणपणाचा असतो, आणि मध्यमवर्ग तर स्वतःलाच समाजाचा आवाज मानत आला आहे. 'टोकाची भूमिका' हे वर्णन मराठी वृत्तपत्रांत व समीक्षेतही दूषण म्हणूनच येते. तेव्हा 'मध्याकडे सरका' हा सल्ला आपल्याकडे केवळ हिशेबाचा राहत नाही; त्याला नैतिक उपदेशाचा सूर लागतो. जो सरकत नाही तो हट्टी, अव्यवहारी, पोथीनिष्ठ ठरतो. प्रस्तुत लेखात या उपदेशाचे नैतिक मूल्य तपासावयाचे आहे.

त्यासाठी भूमी निवडली आहे ती जुन्या कुलाबा, म्हणजे १९८१ नंतरच्या रायगड जिल्ह्याची; विशेषतः महाड-पोलादपूर या आतल्या भागाची. वरंधा घाटाच्या पायथ्याशी कसबे, आंबे व कुंभे अशी तीन शिवथरे आहेत. तेथील घळीत रामदासांनी 'दासबोध' सांगितला असे परंपरा मानते, आणि १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती घळ पुन्हा प्रकाशात आणली. तिच्यापासून काही कोसांवर महाडचे चवदार तळे आहे. लोक कसे जोडावेत याचा विचार आणि लोकांनी लादलेली मर्यादा कशी ओलांडावी याची कृती, या दोन्हींच्या स्मृती एकाच तालुक्यात नांदतात. आपल्या प्रश्नाला या दोन्हींची गरज आहे.

२

'मध्याकडे सरका' या सल्ल्यामागील शास्त्र प्रथम पाहू. १९२९ साली हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने दाखविले की एकाच रस्त्यावर दोन दुकानदार असतील तर दोघेही मधोमध येऊन शेजारी शेजारी बसतात. कारण तेथूनच दोन्ही टोकांचे गिऱ्हाईक हाताशी राहते. १९५७ साली अँथनी डाउन्सने ही कल्पना निवडणुकीला सविस्तर लावली. मांडणी सुबक आहे. मात्र तिच्या पोटात एक अट आहे : गिऱ्हाइकांची घरे हलत नाहीत. मतदाराची पसंती आधीच ठरलेली आहे, पक्षाने फक्त तिच्याजवळ जावयाचे आहे.

ही अट घेऊन १९२७ च्या महाडात जाऊ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर सारे ठीक होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले, त्यांनी पाणी प्याले, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला. नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

नगरपालिकेची ही माघार म्हणजे मध्याकडे सरकण्याचे निखळ उदाहरण आहे. गावातील मतदारांचे मत मोजले असते तर त्याचा मध्यबिंदू बंद तळ्याच्या बाजूलाच पडला असता. नगरपालिका गिऱ्हाइकाजवळ गेली. डाउन्सच्या मांडणीत तिचे काही चुकले नाही. आणि तरीही आज या माघारीचे समर्थन करावयास कोणी पुढे येणार नाही. याचा अर्थ असा की 'मध्य' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो : एक गणिती, दुसरा नैतिक. गणिती मध्य हा मोजणीवर अवलंबून असतो, आणि मोजणीत कोणाला धरले आहे यावर तो बदलतो. ज्यांना पाणी नाकारले त्यांपैकी किती जण त्या नगरपालिकेचे मतदार होते? ज्यांना रेषेवर जागाच नाही त्यांच्या दृष्टीने रेषेचा मध्य हाही एक काठच असतो.

३

याचा अर्थ डाव्यांनी कधीही नमते घेऊ नये असा होतो काय? तसे मानणे हे त्याच रूपकाला उलटे शरण जाणे होय; जणू रेषेवर फक्त दोनच कृती शक्य आहेत, सरकणे आणि न सरकणे. महाडचाच पुढील भाग याचे खंडन करतो.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. हजारो प्रतिनिधी सत्याग्रहाच्या तयारीने आले होते. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. परंतु तळ्यावरील सत्याग्रह मात्र न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तहकूब करण्यात आला. एकाच परिषदेत एक अत्यंत प्रखर कृती आणि एक अत्यंत संयत निर्णय, दोन्ही झाले. तहकुबीमुळे मागणी तसूभरही कमी झाली नाही. दावा चालला, वरच्या न्यायालयांत गेला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. पण जी मागणी घेऊन चळवळ न्यायालयात शिरली तीच घेऊन ती बाहेर आली.

येथे तीन भिन्न हालचाली वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली साधनांची व काळाची : आज की उद्या, मोर्चा की खटला. हिला आपण संयम म्हणू. दुसरी सोबत्यांची : अधिक लोकांना, वेगळ्या हितसंबंधांच्या लोकांनाही बरोबर घेणे. हिला विस्तार म्हणू. तिसरी मागणीच्या आशयाची : जे मागावयाचे त्यातच घट करणे. हिचे नाव माघार. 'मध्याकडे सरका' या सल्ल्यात या तिन्ही एकाच शब्दाखाली येतात. संयमाचा आणि विस्ताराचा शहाणपणा दाखवून माघारीचे समर्थन केले जाते, हाच या रूपकाचा खरा दोष.

विस्ताराचे उदाहरणही याच जिल्ह्याने दिले आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्यात आगरी, कुणबी, महार कुळे एकत्र होती, कम्युनिस्ट कार्यकर्तेही होते. महाडच्या सत्याग्रहात उभे राहिलेले अनंत चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस हेच पुढे या पक्षाच्या कामात दिसतात. हा पक्ष अस्पृश्यांपुरता न राहता बहुसंख्य कष्टकऱ्यांकडे वळला. लोकप्रिय व्याख्येनुसार हे 'मध्याकडे जाणे'च म्हणावे लागेल. परंतु त्याने खोतांशी अर्ध्यावर तडजोड करून कुणब्यांना जवळ केले नाही; दोघांनाही जाचणारी एक अधिक मूलगामी मागणी शोधून काढली. खोती संपवा, ही मागणी खंडात सूट द्या या मागणीपेक्षा तीव्र होती आणि व्यापकही होती. तीव्रता व व्याप्ती यांचे प्रमाण नेहमी व्यस्तच असते, हा समज येथे खोटा ठरतो.

४

स्वातंत्र्योत्तर काळात या परंपरेचा मोठा वारसदार म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. १९४७ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी तो काढला. १९५० साली दाभाडीच्या प्रबंधाने त्याला मार्क्सवादी बैठक दिली. वाङ्मयीन दृष्टीनेही तो प्रबंध अभ्यसनीय आहे : बहुजनसमाजाची सत्यशोधकी भाषा वर्गसंघर्षाच्या परिभाषेत उतरविण्याचा तो प्रयत्न होता. हे भाषांतर कितपत साधले यावर मतभेद होतील. पण पक्षाला आपल्या भाषेची गरज वाटली होती, ही गोष्ट महत्त्वाची.

पुढील काही वर्षांतच जेधे व मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. १९५५ साली आवडी येथे काँग्रेसने समाजवादी समाजरचनेचा ठराव केला. मध्यच आपल्याकडे येत असेल तर वेगळे का राहावे, असा विचार अनेकांनी केला असावा. यशवंतराव चव्हाणांच्या 'बेरजेच्या राजकारणा'ने या प्रवाहाला रुंद पात्र दिले. बेरीज हा शब्द येथे मार्मिक आहे. बेरजेत प्रत्येक संख्या आपले मूल्य मिळवून देते, पण उत्तरात ती वेगळी दिसत नाही.

तथापि जे बाहेर राहिले त्यांनी काय मिळविले? १९७२ च्या दुष्काळात डाव्या पक्षांनी कामासाठी व रास्त मजुरीसाठी जी आंदोलने केली, त्यांच्या दडपणाशिवाय रोजगार हमी योजनेची कल्पना करता येत नाही. योजनेची आखणी वि. स. पागे या काँग्रेसच्या नेत्याची. १९७७ साली तिचा कायदाही काँग्रेसच्याच काळात झाला. कामाचा हक्क ही एके काळची 'टोकाची' कल्पना सरकारी कागदावर आली ती डावे मध्याकडे गेले म्हणून नव्हे. ते आपल्या जागी राहिल्यामुळे मध्याला त्यांच्याकडे यावे लागले म्हणून. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या भूमिपुत्रांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी केलेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. मध्य हा सापडत नाही, तो घडविला जातो. आणि घडविणारे बहुधा मध्यात उभे नसतात.

परंतु येथेच डाव्यांच्या आत्मस्तुतीला आवर घातला पाहिजे. शेकापचा उतार केवळ तत्त्वनिष्ठेची किंमत म्हणून झालेला नाही. १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळात पक्ष होता, एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. त्या सहभागाचे समर्थन विस्तार म्हणून करता येते. १९९९ साली पक्षाने काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारला साथ दिली व २००२ साली पाठिंबा काढला. रायगडच्या लोकसभा निवडणुकीत २०१९ साली पक्ष सुनील तटकरे यांच्या पाठीशी होता, २०२४ साली त्यांच्याविरुद्ध अनंत गीते यांच्या. २०१९ व २०२४ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत पक्षाचा एकच आमदार निवडून आला. या हालचालींना मध्याकडे सरकणे म्हणता येत नाही, कारण त्यांना दिशाच नाही. जिल्ह्यातील प्रतिस्पर्धी कोण, एवढ्यावर त्या ठरल्या. प्रबंधाची भाषा बदलली नाही. व्यवहार तिला न विचारता चालू राहिला. भाषा डावी आणि गणित स्थानिक, अशी ही फारकत. उघड माघारीपेक्षा ती अधिक हानिकारक आहे. कारण माघार घेणारा निदान काय सोडले ते सांगतो, त्याच्याशी वाद घालता येतो.

५

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. हा सारा विचार ज्यांना हरणे परवडते त्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर नाचणी-वरी पिकविणाऱ्या कुटुंबाला पक्षाच्या शुद्धतेने काय मिळते? जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा गावाला पुनर्वसन हवे असते, म्हणजे सत्तेत कोणीतरी आपले हवे असते. माक्स वेबरने १९१९ साली श्रद्धेची नीती व जबाबदारीची नीती यांत जो भेद केला तो येथे लागू पडतो : परिणामांचा भार न उचलता आपली निष्ठा निष्कलंक ठेवणे ही राजकारणातील चैन आहे. १९९६ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने ज्योती बसूंना पंतप्रधानपद स्वीकारू दिले नाही. बसूंनी स्वतः त्या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटले. या उद्गारात जबाबदारीच्या नीतीचीच व्यथा आहे.

आक्षेपातील सत्य मान्य केले पाहिजे. सत्तेपासून दूर राहणे हे स्वतःत मूल्य नाही. पण जबाबदारीची नीती मध्याकडेच नेते, हे मात्र सिद्ध होत नाही. दोन समकालीन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पश्चिम बंगालमधील डाव्या सरकारने उद्योगांसाठी भूसंपादनाचा मार्ग धरला तो जबाबदारीच्याच भाषेत : रोजगार हवा, भांडवल हवे. मार्च २००७ मध्ये नंदीग्राम येथे पोलिसांच्या गोळीबारात चौदा जण ठार झाले. २०११ साली चौतीस वर्षांची सत्ता गेली. त्याच काळात रायगडमध्ये एन. डी. पाटील व शेकाप महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या विरोधात शेतकऱ्यांबरोबर उभे होते. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील बावीस गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले, आणि तो प्रकल्प पुढे सरकला नाही. जबाबदारी कोणी अधिक पाळली? सत्तेत असलेल्यांनी की एका जिल्ह्यात उरलेल्या पक्षाने? उत्तर सोपे नाही. प्रकल्प न झाल्याने कोणाचे पोट भरत नाही, हेही खरे. पण ज्या पक्षाचे अस्तित्व शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काशी बांधलेले आहे त्याने तो हक्कच सौदा म्हणून पुढे केला, तर त्याच्या हाती जबाबदारीने वापरण्याजोगे काहीच उरत नाही.

दुसरा पुरावा गिरणगावचा. महाड-पोलादपूरच्या कुटुंबांची एक चूल गावात आणि एक परळ-लालबागच्या चाळीत असे. तेथील कामगाराला १९२८ च्या संपापासून लाल बावटा परिचयाचा होता. १९६६ साली शिवसेना निघाली. १९७० साली कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेकडे गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर तो सारा परिसरच विरला. डाव्यांनी सोडलेली जागा मध्याने भरली नाही. महाड मतदारसंघाने २००९ पासून सलग चार वेळा शिवसेनेचाच उमेदवार निवडून दिला आहे. २०२४ साली तो शिंदे यांच्या नेतृत्वाखालील पक्षाचा होता. याचा अर्थ मतदार कोठेतरी मधोमध वाट पाहत बसलेला नव्हता. त्याला आपलेपणाची, सन्मानाची, आपली बाजू घेणाऱ्या भाषेची भूक होती. ती ज्याने भागविली त्याच्याकडे तो गेला. ही भूक भागविताना डाव्यांनी त्याच्या अस्मितेकडे दुर्लक्ष केले, हा आरोप खरा आहे. महाडजवळच्या लाडवलीत जन्मलेले आणि १९२७ च्या परिषदेसाठी राबलेले आर. बी. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले. जातिप्रश्नाकडे लक्ष द्या असे त्यांनी आपल्या पक्षाला पुनःपुन्हा विनविले. त्यांचे ऐकणे म्हणजे उजवीकडे जाणे नव्हते, डावेपणा पूर्ण करणे होते.

६

मग मध्यममार्गाचे काय? ज्या परंपरेतून हा शब्द आला तेथे त्याचा अर्थ दोन पक्षांमधील निम्मे अंतर असा नाही. बुद्धाने देहदंड व भोगलालसा ही दोन टोके नाकारली; दोन्ही दुःखनिवृत्तीला निरुपयोगी, म्हणून. त्याचा मार्ग साध्यावरून ठरतो, टोकांच्या सरासरीवरून नव्हे. अॅरिस्टॉटलनेही सद्गुण मध्यात असतो असे म्हणताना हा मध्य अंकगणिती नाही हे स्पष्ट केले, आणि काही कृत्यांना मध्यच नसतो हेही बजावले. चोरी योग्य प्रमाणात करता येत नाही. अस्पृश्यतेला मध्य नव्हता. तळ्याचा अर्धा काठ खुला करणे ही मध्यम भूमिका ठरली नसती. डॉ. आंबेडकर १९५६ साली मार्क्सची बुद्धाशी तुलना करताना साध्यापेक्षा साधनांतील फरकावर भर देतात, हे या संदर्भात लक्षणीय आहे : संयम साधनांत, दुःखनिवारणाच्या साध्यात नाही.

आणि लोक जोडण्याचे काय? शिवथरच्या घळीशी निगडित असलेल्या ग्रंथात समुदाय करणाऱ्याने लोकांचे अंतरंग ओळखावे, सावध राहावे, अनेकांना चालते-बोलते करावे, याचा विस्ताराने विचार आहे. राजवाडे-देवांच्या पिढीने त्यात राष्ट्रकारण वाचले. सत्यशोधक दृष्टीच्या वाचकांनी त्यातील वर्णश्रेष्ठत्वावर बोट ठेवले. दोन्ही वाचने टिकून आहेत आणि दुसऱ्याचा आक्षेप खोडून निघालेला नाही. परंतु अंतरंग ओळखणे व अंतरंगाच्या मागे जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हा भेद तेथून घेता येतो. हॉटेलिंगचा दुकानदार गिऱ्हाइकाचे घर शोधतो. समुदाय करणारा माणसाशी बोलतो, कारण माणूस बदलू शकतो यावर त्याचा भरवसा असतो. मतदाराला स्थिर बिंदू मानणे हा त्याचा आदर नव्हे. त्याला पटवून देता येईल असे मानणे, आणि आपल्यालाही त्याच्याकडून काही पटू शकेल यासाठी तयार असणे, हा लोकशाहीतला आदर आहे.

तेव्हा 'सरकावे काय' याऐवजी डाव्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आपण थांबतो आहोत की सोडतो आहोत? आपण कोणाला जोडतो आहोत, आणि जोडताना मागणी अधिक खोल जाते की उथळ होते? आणि जे करतो ते आपल्या भाषेत उघडपणे सांगू शकतो काय? पहिल्या दोहोंची उत्तरे परिस्थितीनुसार बदलतील. त्यांत चुका होतील आणि त्या क्षम्यही ठरतील. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले तर मात्र पक्ष रेषेवर कोठेही उभा असला तरी त्याला ऐकणारे कोणी उरत नाही. दाभाडीचा प्रबंध लिहिणाऱ्यांना भाषेची गरज वाटली होती. ती गरज पुन्हा वाटणे, हे मतांच्या टक्केवारीच्या आधी यावयास हवे.